रानातले गडगे

परदेशप्रवासाची वर्णने मराठीत इतकी झाली आहेत, की त्यांत आणखी एकाची भर घालताना लेखणी थोडी अडखळते. नायगारा पाहिलेला नाही असे निवृत्त गृहस्थ आता आमच्या बडोद्यातही शोधावे लागतील. म्हणून नायगाऱ्याविषयी आम्ही अवाक्षर काढणार नाही. अमेरिकेच्या ईशान्येकडील मॅसॅच्युसेट्स राज्यात, २०२४ सालच्या दसऱ्याच्या दिवशी, एका रानातून आम्ही पावणेदोन मैल चालत गेलो आणि तितकेच चालत परत आलो, एवढीच हकीकत सांगावयाची आहे. त्या रानात शिखर नाही, धबधबा नाही. आणि जे गाव पाहावयास म्हणून आम्ही गेलो ते गावही तेथे नाही.

आमचे चिरंजीव गेली चौदा वर्षे बोस्टन शहरात राहतात. सूनबाई मूळच्या कोलकत्याच्या. नात नऊ वर्षांची. जन्मभर महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकविलेल्या माणसाने तिकडची पानगळ एकदा तरी डोळ्यांनी पाहिली पाहिजे, असा चिरंजीवांचा कैक वर्षांचा आग्रह होता, आणि त्या आग्रहास मान देऊन सप्टेंबरच्या आरंभी आम्ही उभयतां तेथे दाखल झालो. हे आमच्या जाण्याचे उघड कारण. दुसरे कारण आमच्या कोटाच्या आतल्या खिशात, एका लांबट लिफाफ्यात होते.

दांडिया बाजारातील आमचा वाडा पणजोबांनी बांधलेला. १८९२ च्या सुमारास ते कोकणातून बडोद्यास आले, खानगी खात्यात कारकून म्हणून चिकटले, आणि सयाजीराव महाराजांच्या राज्यात कष्टाळू माणसास जे मिळे ते त्यांसही मिळाले: नियमित पगार, मुलांना शाळा, आणि कालांतराने एक सागवानी वाडा. आज त्याचे सात हिस्सेदार आहेत. एका बांधकाम व्यावसायिकाने तो पाडून तेथे सहा मजली इमारत उभारण्याचा प्रस्ताव ठेवला आहे आणि सहा हिस्सेदारांच्या सह्या झाल्या आहेत. सातवी सही आमची. "मुलाला विचारून कळवतो," असे भावंडांना सांगून आम्ही विमानात बसलो होतो. विचारावयाचे एवढेच होते, की बाबा रे, तू परत येणार आहेस काय? तो येणार असेल तरच वाडा अडवून धरण्यात अर्थ होता. पाच आठवडे झाले तरी प्रश्न मनात आणि लिफाफा खिशात. प्रसंग आले नाहीत असे नव्हे. पण असा प्रश्न विचारला की त्याचे उत्तर येते, ही त्यातील अडचण.

असो. शुक्रवारी दुपारी आम्ही सर्व मोटारीने निघालो आणि पश्चिमेस सुमारे ७० मैलांवर असलेल्या पीटर्शॅम नावाच्या टुमदार गावी आलो. हार्वर्ड विद्यापीठाचे संशोधनासाठी राखलेले जंगल तेथे १९०७ पासून आहे, आणि त्यात एक लहानसे संग्रहालय आहे. नायगारा सोडून हे पाहावयास कोण जाणार, असे वाटते खरे; पण काचेमागच्या त्या सात देखाव्यांसमोर आम्ही तासभर खिळून राहिलो. एकच भूभाग, आणि साले सात. १७०० मध्ये घनदाट मूळ अरण्य. १७४० मध्ये कुऱ्हाड घेऊन एक कुटुंब आलेले. १८३० मध्ये रान जवळजवळ नाहीसे. जिकडे तिकडे शेते, कुरणे आणि त्यांना घातलेले दगडी बांध. आणि १८५० मध्ये, म्हणजे अवघ्या वीस वर्षांत, तेच शेत ओस! माणसे निघून गेली आहेत आणि गवतातून पाइनची रोपे डोकावू लागली आहेत.

या लोकांवर ना परचक्र आले ना दुष्काळ. १८२५ साली ईरी कालवा खुला झाला, मागोमाग रेल्वे आली, आणि पश्चिमेकडील सपाट सुपीक जमिनीतले धान्य येथे स्वस्त मिळू लागले. मग या दगडमाळावर नांगर मोडीत कोण बसतो? मुलांपैकी कोणी पश्चिमेस गेले, कोणी कापडगिरण्यांत शिरले. सोडलेल्या शेतांत पाइन वाढला. १९१० च्या सुमारास तोही तोडून खोक्यांच्या फळ्यांसाठी विकला गेला. आणि त्याच्या सावलीत आजवर दबून असलेले मेपल, बर्च, ओक उसळून वर आले. म्हणजे ज्या रंगांसाठी आज देशोदेशींची माणसे येथे लोटतात, ते रंग काही आदिम अरण्याचे नव्हेत. ते टाकून दिलेल्या शेतांचे रंग आहेत. आम्ही हे सौ.ला समजावून सांगत होतो तेव्हा चिरंजीव शेजारच्या काचेपाशी उभे होते. त्यांनी ऐकले असावे.

दुसऱ्या दिवशी दसरा. बडोद्यास दसऱ्याची सकाळ म्हणजे फाफडा-जिलबीच्या दुकानापुढील रांग. मराठी घरेही या बाबतीत गुजरात्यांच्या मागे नाहीत. पीटर्शॅममध्ये त्याऐवजी सफरचंदाच्या रसात भिजविलेल्या पिठाचे, दालचिनी-साखरेत घोळलेले गरम डोनट मिळाले. "जिलबीची तहान यावर," असे म्हणून सौ.ने दोन खाल्ले. आपट्याची पाने आणण्याचा तिचा मनसुबा निघण्यापूर्वीच बारगळला होता. परदेशी झाडपाल्याच्या बाबतीत तिकडचे विमानतळावरील अधिकारी फार कडक. "पण सीमोल्लंघन तरी झालंच पाहिजे," असे तिचे म्हणणे पडले, आणि सीमोल्लंघनास उचित म्हणून चिरंजीवांनी डेना या गावाची वाट सुचविली.

चाळीस क्रमांकाच्या फाटकापाशी मोटार उभी केली. त्या रानात हरणे असतात, आणि हरणांबरोबर त्यांच्या गोचिडी. म्हणून विजारीचे पाय मोज्यांत खोचून घ्यावे लागतात. हे रूप घेऊन आम्ही उभे राहिलो तेव्हा नात इतकी हसली की तिला खाली बसावे लागले. सौ.ने पातळ घोट्याच्या वर खोचून त्याखाली सुनेची विजार आणि पायांत तिचेच बूट चढविले होते. तिला कोणी हसले नाही, हे येथे नमूद करून ठेवतो.

वाट म्हणजे एक जुना रस्ताच होता, रुंद आणि बराचसा सपाट. दोन्ही बाजूंनी झाडे त्यावर वाकलेली. वर मेपल कोठे केशरी, कोठे कुंकवासारखे लाल, बर्च हळदीचे, बीच तांब्याचे, ओक सर्वांत उशिरा रंगणारे, त्यांचा अजून विचार चाललेला, आणि यांच्यामध्ये पाइन व हेमलॉक हिरवेच्या हिरवे, जणू लग्नघरात कामाला आलेली माणसे. या रंगांची कारणे आम्ही छत्तीस वर्षे फळ्यावर लिहीत आलो होतो. दिवस लहान होऊ लागले की पानातील हरितद्रव्य मोडते आणि त्याखाली आधीपासून असलेला पिवळा दिसू लागतो. लाल मात्र आधीपासून नसतो. तो झाड त्या शेवटच्या दिवसांत नव्याने बनविते. दिवसा लख्ख ऊन आणि रात्री गारठा असेल तर अधिक बनविते. जे पान पंधरा दिवसांत टाकावयाचे त्यावर झाडाने हा खर्च का करावा, याविषयी शास्त्रज्ञांत अद्याप एकमत नाही.

"आपल्याकडे लाल पान म्हणजे कोवळं पान," सौ. एकाएकी म्हणाली.

आम्ही थबकलो. छत्तीस वर्षांत एकाही विद्यार्थ्याने ही गोष्ट आम्हांस अशी सांगितली नव्हती. खरेच! चैत्रातला पिंपळ, कुसुंब, आंब्याची पालवी. आपला डोळा लालीला जन्माची खूण समजतो. येथे तीच लाली निरोपाची. आणि गंमत ही, की रंगद्रव्य दोन्हीकडे एकाच कुळातले, अँथोसायनिन नावाचे. सौ.ला हे सांगितले तेव्हा "मग बरोबर आहे," एवढेच म्हणून ती पुढे चालू लागली. काय बरोबर आहे ते तिने सांगितले नाही.

पहिला दगडी बांध आम्हांस दिसला तो अर्ध्या मैलावर. रस्त्यापासून निघून तो सरळ रानात शिरला होता. कंबरभर उंच, चुन्यावाचून नुसते दगडावर दगड रचलेला, शेवाळलेला, पानांनी निम्मा बुजलेला. हिमयुगातील हिमनद्यांनी या प्रदेशात दगड पेरून ठेवले आहेत, आणि दर हिवाळ्यात जमीन गोठून फुगली की खालचे दगड वर येतात. शेतकऱ्याने एका वसंतात शेत साफ करावे, तो पुढच्या वसंतात नवे पीक तयार! ते दगड वाहून वाहून बांध झाले. आता त्यांच्या अल्याडही झाडे आणि पल्याडही झाडे. कोणापासून कोणाचे काय राखावयाचे होते, ते ओळखू येत नाही.

"गडगा!" आमच्या तोंडून शब्द निघून गेला.

नातीने विचारले, गडगा म्हणजे काय. चिरंजीवांनाही तो शब्द ठाऊक नव्हता. त्यांना कोठून असणार? बडोद्यात गडगे नाहीत. आम्हांस तो ठाऊक आहे तो एकाच दिवसापुरता. १९६६ सालच्या मे महिन्यात, आम्ही चौदा वर्षांचे असताना, वडिलांनी आम्हांस आपले मूळ गाव दाखवावयास नेले होते. मुंबईहून बोटीने मुसाकाजी बंदरात उतरलो, आणि पुढे राजापूर तालुक्यातील त्या वाडीपर्यंत पायी गेलो. गावातल्या एका म्हाताऱ्याने रानात बोट दाखवून सांगितले, "तो गडगा दिसतो ना, त्याच्या आत तुमचं घर." आत करवंदीच्या जाळ्या होत्या, ऐन-किंजळीची झाडे होती, आणि जांभ्या दगडाचे एक जोते होते. वडील त्या जोत्यावर चढून बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "देवघर इथं असणार." कशावरून, ते त्यांनी सांगितले नाही. आम्ही विचारलेही नाही. आमचे सारे लक्ष करवंदांकडे होते. परतीच्या बोटीत ते कोणाशी बोलले नाहीत. त्यानंतर ते कोकणात कधी गेले नाहीत, आणि आम्हीही गेलो नाही. हे सर्व आम्ही चालता चालता सांगितले. आपण हे मुलाला आजवर कधीच सांगितले नव्हते, ही गोष्ट सांगून झाल्यावर आमच्या ध्यानात आली.

डेना येते ते अचानक. रान मागे सरते आणि मोकळे गवत लागते. हेच गावचे मधले मैदान. भोवती घरे नाहीत. घरांचे खळगे आहेत. तिकडे घराखाली तळघर खणून त्यास दगडी भिंती बांधीत. घरे गेली, तळघरांचे हे खळगे राहिले. काहींत पायऱ्या शाबूत आहेत, काहींत मेपल वाढले आहेत. जागोजागी त्या त्या घराचे छायाचित्र लावून ठेवले आहे: पांढऱ्या फळ्यांचे घर, पुढे ओसरी.

हे गाव मात्र आपणहून उठून गेलेले नव्हे. बोस्टनला पाणी हवे होते. स्विफ्ट नदीचे खोरे अडवून क्वाबिन नावाचा तलाव करावयाचे ठरले आणि त्यासाठी डेना, एनफील्ड, ग्रीनविच व प्रेस्कॉट ही चार गावे कायद्याने नाहीशी करण्यात आली. सुमारे अडीच हजार माणसे हलविली गेली. साडेसात हजारांवर थडगी उकरून दुसरीकडे नेली. १९३८ च्या एप्रिलच्या सत्ताविसाव्या रात्री एनफील्डच्या सभागृहात सर्वांनी मिळून निरोपाचा नाच केला, आणि मध्यरात्रीचे टोले पडताच चारही गावे संपली. तलाव १९४६ साली भरला. परंतु डेनाच्या या मैदानापर्यंत पाणी आलेच नाही. ते पाण्याच्या पातळीच्या वरच राहिले. केवळ तलावाचे पाणी निर्मळ राहावे म्हणून येथली घरे काढून टाकली. बुडालेल्या गावाचे दुःख समजण्यासारखे असते. कोयनेच्या आणि नर्मदेच्या काठच्या माणसांनी ते पाहिले आहे. पण गाव कोरडे आहे, ऊन पडले आहे, आणि तरी ते नाही, हे आम्हांस निराळेच वाटले.

बोस्टनच्या घरी नळाला येते ते याच तलावाचे पाणी. आजव्याच्या तलावाचे पाणी पिऊन वाढलेले आम्ही, पाच आठवडे त्याची चव वाखाणीत होतो.

नात एका खळग्यात उतरली होती आणि पायऱ्या मोजीत होती. खालूनच तिने विचारले, "आजी, या घरातली मुलं कुठे गेली?"

"दुसऱ्या घरी," सौ. म्हणाली.

"मग त्यांनी हे घर मिस केलं का?"

सौ.ने उत्तर दिले नाही. तिने आमच्याकडे पाहिले, आणि मग, सव्वा महिन्यात प्रथमच, आमच्या कोटाच्या खिशाकडे पाहिले.

परतताना त्याच बांधाशी आम्ही टेकलो. खरे सांगावयाचे तर गुडघा दुखू लागला होता. नात आणि सूनबाई पाने वेचीत पुढे गेल्या होत्या. आम्ही लिफाफा काढून चिरंजीवांच्या हाती दिला. त्यांनी कागद पुरता वाचलाही नाही; घडी घालून परत दिला.

"मला काकांनी जुलैतच फोनवर सांगितलं होतं, नाना," ते म्हणाले. "तुम्ही विचाराल म्हणून रोज वाट पाहत होतो. आणि विचारू नये असंही वाटत होतं. मी येईन म्हटलं तर तुम्ही वाडा ठेवाल, आणि मी तर येणार नाही."

वर वारा नव्हता, तरी पाने एकेक करून सुटत होती. पानाच्या देठाशी पेशींचा एक पातळ थर झाड स्वतःच तयार करते आणि तेथूनच ते सुटते. वाऱ्याची गरज असतेच असे नाही. आम्ही हे बोललो नाही. मनात आले, इतकेच. राग आला असता तर बरे झाले असते, असेही मनात आले. पण ज्या घराण्यातून पणजोबा एक गडगा ओलांडून निघाले आणि परत फिरले नाहीत, त्या घराण्यातील माणसाने हा राग कोणत्या तोंडाने धरावा? वडील त्या जोत्यावर उभे राहून काय म्हणत होते ते आम्हांस अठ्ठावन्न वर्षांनी थोडेसे ऐकू आले.

"मला ठाऊकच होतं," सौ. म्हणाली. मग थोड्या वेळाने: "वाड्याच्या ओटीवरचा झोपाळा मात्र मी त्या बिल्डरला देणार नाही."

एवढ्यात नात धावत आली. तिच्या मुठीत मेपलची पाने होती. एकेकाच्या हातावर एकेक पान ठेवून, आजीने पढविल्याप्रमाणे, तिने "सोनं घ्या, सोन्यासारखे राहा" म्हटले आणि वाकून नमस्कार केला. तिचे व्याकरण बिनचूक होते. आम्ही आमचे पान लिफाफ्यात ठेवले.

उन्हे कलली होती. ऑक्टोबरात तेथे सहालाच अंधारते, म्हणून उठावे लागले. चिरंजीवांनी हात दिला आणि आम्ही तो घेतला. काही अंतर कोणीच बोलले नाही. वाळलेल्या पानांत पाय ओढल्याचा तेवढा आवाज.

"झोपाळ्याची फळी किती लांब असेल, आई?" चिरंजीवांनी विचारले.

"साडेपाच फूट. सव्वापाच असेल. रुंदी दोन हात."

"आणि कड्या?"

"पितळी आहेत. तुळईपासून फळीपर्यंत सात फूट तरी भरतील."

"आमचं छतच आठ फुटांवर आहे. फळी फार खाली येईल. कड्यांचे दोन-दोन दुवे कमी करावे लागतील."

"करा कमी," सौ. म्हणाली. "पण टाकू नका ते दुवे. जपून ठेवा."

समुद्रमार्गे पाठवावयाचा तर किती महिने लागतील, सागवानाला तिकडची थंडी सोसेल काय, छताला आकडे लावण्यास परवानगी लागते काय, यावर चिरंजीव आणि सूनबाई यांच्यात चर्चा सुरू झाली. नातीने आजीचे बोट धरले होते. झोपाळ्याचा आवाज येतो का, हे तिला हवे होते.

"तेल घातलं नाही तर येतो," सौ. म्हणाली. "शेजारच्या घरी ऐकू जाईल इतका येतो."

फाटक दिसू लागले होते.